सहा नंबरची बाग

मार्चमध्ये खुएने ज्या अहवालावर सही केली तो जेमतेम दीड पानांचा होता. व्हिएतनाममधल्या न्गोक लिन्ह डोंगरावरच्या सहा बागांमधून जिनसेंग या औषधी कंदाची वाळवलेली पानं तिच्या दानांगच्या लॅबमध्ये तपासायला आली होती. पाच बागा अस्सल ठरल्या. सहावीपुढे तिने लिहिलं, ‘उत्तरेकडच्या वाणाशी जुळते.’ खाली नाव, दोआन थी खुए, आणि सही.

त्या ओळीवरून डाक रेया गावात सहा नंबरची बाग उपटली गेली. अकराशे रोपं. काही सात-सात वर्षांची होती. जंगलातल्या सावलीत वाढवलेले कंद गावासमोर ढीग करून जाळले. उत्तरेचं स्वस्त बियाणं डोंगरावर शिरलं तर सगळ्यांचंच नाव बुडेल, म्हणून गावांनीच तसा नियम केला होता. पंचायतीने लॅबला फोटो पाठवला, नियम पाळल्याचा पुरावा म्हणून. धूर, फावडी घेतलेली माणसं, आणि एका बाजूला कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी असलेली एक बाई. खुएने तो फोटो फाइलमध्ये लावला आणि पुढच्या कामाला लागली.

सप्टेंबर उजाडला. तिच्या विभागाचे प्रमुख फुंग सर यांना त्याच पानांवर मोठा शोधनिबंध लिहायचा होता. मार्चमध्ये खुएने पानांमधल्या हरितलवकाच्या डीएनएचा एक छोटासा तुकडा वाचला होता, पाचशेच्या आसपास अक्षरांचा. तो तुकडा सरांनीच शोधलेला. त्यातली दोन अक्षरं बघितली की अस्सल कुठलं आणि उत्तरेचं कुठलं ते कळतं, असं ते भरसभेत सांगत. आता निबंधासाठी अख्खं हरितलवक वाचायचं ठरलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक लाख छप्पन्न हजार अक्षरं.

सोमवारी दुपारी निकाल आले. डीएनए वाचणारं यंत्र सांभाळणारा थाक तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला. संगणकाने सगळे क्रम एकमेकांशेजारी मांडले आणि कोण कुणाच्या जवळचं ते फांद्यांच्या आकृतीत काढून दाखवलं. उत्तरेचे चार नमुने एका फांदीवर होते, डोंगरावरचे पाच दुसऱ्या. सहा नंबर उत्तरेच्या फांदीवर नव्हता.

“ताई, डब्यांची अदलाबदल झाली असेल,” थाक म्हणाला.

“कुणी केली? डबे मी लावले होते.”

“मग काहीतरी मिसळलं असेल.”

खुए अक्षरं मोजत होती. सहा नंबर आणि डोंगरावरचे पाच यांच्यात एकसष्ट ठिकाणी फरक होता. सहा नंबर आणि उत्तरेचं जिनसेंग यांच्यात सातशे बारा ठिकाणी. म्हणजे ही झाडं त्याच डोंगराची होती. फक्त त्यांची फांदी वेगळी होती, जुनी. आणि ती दोन अक्षरं, ज्यांच्यावर सगळा न्याय झाला होता, ती मात्र तिच्यात नेमकी उत्तरेसारखी होती. योगायोगाने म्हणा, किंवा कुण्या समाईक पूर्वजाची उरलेली खूण म्हणा.

तिने अस्सलचा नमुना म्हणून वापरलेल्या दहा झाडांची नोंद काढली. दहाही झाडं एकाच सरकारी बीजबागेतली. ती बाग वीस वर्षांपूर्वी तीन-चार मूळ रोपांच्या बियांपासून उभी राहिलेली. म्हणजे एका घरातली चार भावंडं बघून तिने अख्ख्या गावाचा चेहरा ठरवला होता.

सहा नंबरचं उरलेलं वाळकं पान काढून तिने पुन्हा डीएनए वेगळा केला. या वेळी प्रत्येक नळीवर थाकलाही सही करायला लावली. त्याने रांगेत थांबलेली दुसऱ्यांची कामं मागे ढकलली आणि यंत्र चालवलं. मंगळवारी संध्याकाळी चार वाजता निकाल आला, अक्षर न अक्षर तोच.

खुए बेसिनपाशी गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

फुंग सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“चांगलं आहे. निबंधाला वजन येईल. नवी फांदी सापडली.”

“सर, ती बाग आपण जाळली.”

“आपण नाही. गावाने जाळली. आणि अहवाल तुझ्या सहीने गेलाय, हे विसरू नकोस.”

“विसरले नाही. म्हणूनच आले. आपल्या त्या तुकड्यावर आता जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी चालते. त्यात डाक रेयातल्या आणखी अकरा बागा तशाच निघाल्यात. परवा गुरुवारी सकाळी उपटणार आहेत. तुम्ही आज एक पत्र द्या, एवढंच मागते.”

“एका पानावरून?”

“मार्चमध्येही एकाच पानावरून दिलं होतं.”

सर हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “खुए, हा तुकडा मी प्रांताच्या बैठकीत मांडलाय. उद्या तू म्हणणार तो चुकीचा, मग बाजारातले सगळे भामटे हाच कागद नाचवतील. नीट तपासू, निबंध परीक्षकांकडे जाऊ दे, मग काय ते कळवू. सहा महिने.”

“सहा महिन्यांनी कळवायला बागा कुठे असतील?”

“पत्र मिळणार नाही,” सर म्हणाले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

दाराबाहेर येताच तिने डाक रेयाच्या पंचायतीच्या अध्यक्षांना, आ ग्लोंग यांना, फोन लावला. ते शदांग जमातीचे, जिथं पुरुषाच्या नावाआधी ‘आ’ आणि बाईच्या नावाआधी ‘इ’ लावतात; बोलायला सावकाश.

“मॅडम, फोनवर मी काय थांबवू? लोकांनी हात वर करून ठराव केलाय. कागद आणा.”

“संस्थेचा कागद मिळत नाहीये.”

“मग?” ते म्हणाले. “मग तुम्ही या. माणूस आलेला दिसला तर निदान भांडता येतं.”

त्या संध्याकाळी खुएने घरी बसून एक कागद लिहिला. संस्थेचं नाव त्यावर नव्हतं. ‘मार्चमधल्या अहवालातली सहाव्या बागेबद्दलची ओळ चुकीची आहे. ती मी मागे घेते. ज्या खुणेवरून ती ठरवली ती खूण भरवशाची नाही.’ संस्थेचं पत्र देणं सरांच्या हातात असेल, पण सही तिची होती. ती परत घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. रात्रीच थाकला गाठून एक प्रत तिने सरांच्या टेबलावर ठेवायला दिली.

थाकने वाचून मान वर केली. “ताई, नोकरी जाईल.”

“जाईल बहुतेक. तू फक्त नळ्या जपून ठेव.”

बुधवारी पहाटेची गाडी पकडून ती निघाली. खाम दुक गावाच्या पुढे रस्ता चढणीला लागला तसा तिने पिशवीतला कागद काढून पुन्हा वाचला. पंचायतीच्या गावी उतरायला तीन वाजले. तिथून मोटारसायकलने अर्धा तास, पुढे पायवाट. आ ग्लोंग वाटेवर उभे होते. साठीचा, ठेंगणा माणूस, पायात रबरी बूट. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि एवढंच म्हणाले, “शिक्का नाही.”

“नाही.”

“उद्या सात वाजता लोक जमतील. तुम्हीच बोला. मी बोललो तर म्हणतील, ग्लोंगची मेहुणी त्या अकरांत आहे.”

“आहे?”

“आहे. म्हणून तर मला गप्प बसायचंय.”

गुरुवारी सकाळी धुकं इतकं होतं की माणसं आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. मोठ्या झाडांच्या सावलीत, कुजलेल्या पाल्याच्या वाफ्यांमध्ये जिनसेंगची रोपं ओळीने उभी होती आणि त्यांच्यावर लाल फळांचे झुबके होते. साठ-सत्तर माणसं जमली. अकरा बागांचे मालक एका बाजूला होते, हातात काही नसलेले. दुसऱ्या बाजूला फावडी.

खुएने आपल्याजवळची प्रत वाचली. तिचा आवाज पहिल्याच ओळीत चिरकला. तिने थांबून पुन्हा सुरुवात केली.

वाचून झाल्यावर फावड्यांच्या बाजूने एक धिप्पाड माणूस पुढे आला. त्याची बाग मार्चमध्ये अस्सल ठरली होती. आ देन त्याचं नाव.

“म्हणजे काय समजायचं, बाई? मार्चमध्ये तुमच्या कागदावर आम्ही जाळलं. आज तुमच्याच कागदावर थांबायचं. आणि परवा तिसरा कागद घेऊन याल?”

लोक हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं.

“कदाचित येईन,” खुए म्हणाली. “पण तिसऱ्या कागदाने बाग परत उगवत नाही. म्हणून आज थांबा म्हणतेय.”

“तेव्हा यंत्राने सांगितलं, आता यंत्र उलटं सांगतं. यंत्र दारू पितं का?”

“यंत्राने बरोबर वाचलं होतं. मी थोडं वाचलं. लाख-दीड लाख अक्षरांची पोथी होती, मी त्यातली एक ओळ वाचून निकाल दिला.”

हशा ओसरला. मागून कुणीतरी विचारलं, “आणि आता सगळी वाचली?”

“सगळी. दोनदा.”

“मग ब्लेंगची झाडं कुठली म्हणते पोथी?”

तेव्हा कुठे खुएला ते नाव कळलं. सहा नंबरचं नाव. माणसं आपसूक बाजूला सरकली आणि एका बुंध्यापाशी बसलेली बाई दिसली. पन्नाशीची, पाठीवर वेताची रिकामी टोपली, तोंडात विझलेला चिलमीचा पाइप. फोटोतली पाठ तिचीच होती.

“याच डोंगराची,” खुए तिच्याकडे बघून म्हणाली. “ब्लेंग मावशी, तुमची झाडं याच डोंगराची होती. चूक माझी.”

इ ब्लेंग उठली नाही. “मी मार्चमध्ये काय म्हणाले होते, ग्लोंग? सांग हिला.”

आ ग्लोंग जमिनीकडे बघत म्हणाले, “म्हणाली होती, माझ्या आजीने वरच्या कड्यावरून बी आणलं. धबधब्याच्या वर, जिथं कुणी जात नाही तिथून.”

“हिने विचारलं होतं का मला?”

“नाही,” खुए म्हणाली. “मी कुणालाच विचारलं नाही. माझ्याकडे फक्त आकडा होता.”

“सहा महिने झाले. कुणी माझ्या घरचं बी घेत नाही. माझ्या हंड्याची दारू सणाला कुणी प्यायलं नाही. भाऊ म्हणतो, खरं सांग, कुठल्या व्यापाऱ्याकडून घेतलंस? सख्खा भाऊ.” तिने पाइप तोंडातून काढला. “आणि तू आज येऊन म्हणतेस, चूक माझी. बरं झालं हो. आता काय करू मी, नाचू?”



आ देनने फावडं जमिनीत रोवलं. “हे सगळं खरं असेलही. पण पुरावा? हिची बाग जळाली. कड्यावरची झाडं कुणी पाहिलीत? त्या अकरांतली खरी किती, खोटी किती, कोण सांगणार? बाजारात एक जरी खोटा कंद पकडला तर माझा माल कोण घेईल?”

त्याचं चुकत नव्हतं, आणि हेच खुएला सगळ्यांत जड गेलं.

“पुरावा देता येईल,” ती म्हणाली. “हरितलवक बापाकडून येत नाही, आईकडून येतं. आईच्या आईकडून, तिच्या आईकडून. कड्यावर अजून रानटी झाडं असतील तर त्यांचं एक पान पुरे. ब्लेंग मावशींच्या बागेशी अक्षर न अक्षर जुळेल. अकरा बागांचंही एकेक पान मी नेते. कंद उपटू नका, पान खुडलं तर झाड मरत नाही.”

सगळ्यांच्या नजरा इ ब्लेंगकडे वळल्या. कड्यावरची नेमकी जागा एकट्या तिला ठाऊक होती. त्यातली अडचण खुएला बोलून गेल्यावर कळली. रानटी जिनसेंगची जागा सांगणं म्हणजे चोरांना वाट दाखवणं. आठ दिवसांत खणून रिकामी होईल. मार्चमध्ये जाळासमोर उभी असतानाही तिने ती जागा सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तर कदाचित बाग वाचली असती.

“जागा मी दाखवणार नाही,” ती म्हणाली.

फावड्यांच्या बाजूने कुजबुज सुरू झाली. आ देन म्हणाला, “बघा.”

“बघा काय बघा? तुला दाखवू, म्हणजे तुझा जावई टॉर्च घेऊन पोचला!” या वेळी हसणं वेगळं होतं. आ देनसुद्धा ओशाळला. इ ब्लेंग खुएकडे वळली. “मी जाते. मी पानं आणते. तू इथं बसायचंस. मी कुठून आणली, खरंच कड्यावरून आणली की परसातून, ते तुला कळणार नाही. माझ्या शब्दावर तुझा कागद उभा राहील. चालेल?”

लॅबच्या नियमात ते बसत नव्हतं. नमुना कुठून घेतला त्याचे अक्षांश-रेखांश लिहावे लागत. फुंग सरांनी असला नमुना केराच्या टोपलीत टाकला असता.

“चालेल,” खुए म्हणाली. “नोंदीत लिहीन, जागा इ ब्लेंग यांना माहीत आहे.”

“लिहिशील?”

“आत्ता लिहिते.” तिने वही काढली, लिहिलं आणि ते पान तिच्यापुढे धरलं. इ ब्लेंगने ते स्वतः वाचलं. आ ग्लोंग पुढे येऊन म्हणाले, “वीस दिवस. तोवर कुणी फावडं उचलायचं नाही. हात वर करा.”

हात लगेच वर आले नाहीत. आधी अकरांचे आले, मग इकडून तिकडून. आ देनचा शेवटी आला, खांद्याच्या वर न जाता.

इ ब्लेंग दुपारी एकच्या सुमाराला परतली. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर ओरखडा. केळीच्या पानात गुंडाळलेली पाच पानं होती, पाच वेगवेगळ्या झाडांची. खुएने ती ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पिशव्यांत बंद केली. कुणीतरी भात आणि शिजवलेला कसाव्याचा पाला आणून ठेवला. इ ब्लेंगने खुएच्या पानात वाढलं, स्वतःच्या पानात वाढलं आणि खाली मान घालून जेवायला लागली.

दानांगला परतल्यावर सरांनी तिला लॅबमध्ये येऊ दिलं, पण तिचं टेबल बाहेरच्या खोलीत हलवलं होतं. प्रकल्पातून तिचं नाव काढलं होतं. मात्र त्यांनी थाकला अडवलं नाही. का, ते तिला पुढेही कळलं नाही. कदाचित त्यांनाही उत्तर हवंच होतं. थाकने सोळा नमुने चालवले आणि निकाल छापून स्वतः तिच्या टेबलाशी घेऊन आला.

कड्यावरची पाचही पानं सहा नंबरशी जुळली. एकाही अक्षराचा फरक नव्हता. अकरांपैकी नऊ बागा त्याच फांदीच्या निघाल्या. कधीतरी कुणाच्या आजीने, मावशीने त्या कड्यावरचं बी वाटलं असणार.

उरलेल्या दोन मात्र खरंच उत्तरेच्या होत्या.

त्यांतली एक ग्लोंगच्या मेहुणीची होती. खुए तो कागद पुढ्यात घेऊन बसली. नऊ नावांपुढे लिहिताना हात थांबला नव्हता. या दोन नावांशी थांबला. तिने थाकला पुन्हा यंत्र चालवायला सांगितलं. तेच आलं. तिने लिहिलं, सही केली आणि फोन करून आधी आ ग्लोंग यांना सांगितलं, कागद पोचायच्या आत.

ते म्हणाले, “व्यापाऱ्याने फसवलं असेल तिला.”

“असेल. लोकांना तसं सांगाल?”

“सांगतो. उपटावं तर लागेलच.” आणि मग, “मॅडम, तुम्ही स्वतः या. मला एकट्याला नाही जमणार.”

ती गेली. दोन बागा उपटल्या गेल्या. या वेळी जाळ केला नाही. मेहुणीच्या हातून फावडं कुणी घेतलं नाही. तिनेच आपली रोपं काढली, रडत, आणि शेजारच्या बायका तिच्याबरोबर वाकून काढायला लागल्या. त्यांत इ ब्लेंगही होती. खुएही वाकली. तासाभरात तिच्या नखांत माती भरली.

संध्याकाळच्या आत सगळे उंच छपराच्या सभाघरात बसले. नऊ बागांच्या मालकांनी आपापल्या वाफ्यातली वीस-वीस रोपं ओल्या शेवाळात बांधून आणली होती, इ ब्लेंगसाठी. ती रोपं मोठी व्हायला सहा वर्षं लागणार होती. सहा वर्षांनी ती छप्पन्न-सत्तावन्नची असेल. तिने रोपं मोजली नाहीत. “ठेवा तिकडे,” म्हणाली. तिचा भाऊ दारापाशी बसला होता.

आ ग्लोंग उभे राहिले. खिशातून खुएचा तो पहिला, बिनशिक्क्याचा कागद काढून त्यांनी शदांग भाषेत वाचायला सुरुवात केली. खुएला शब्द कळत नव्हते, पण मध्ये दोनदा तिचं स्वतःचं नाव आलं आणि ‘सहाव्या बागे’च्या जागी, कागदात नसलेलं इ ब्लेंगचं नाव तीनदा. कुणी खोकलंसुद्धा नाही. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि खाली बसायला वाकले.

“ग्लोंग,” इ ब्लेंग म्हणाली. यानंतर ती खुएलाही कळावं म्हणून व्हिएतनामीत बोलली. “पुन्हा वाच. मागच्यांना ऐकू गेलं नाही.”

मागे तिचा भाऊ होता, आ देन होता, त्याचा जावई होता. सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

आ ग्लोंगनी कागद पुन्हा उघडला आणि आधीपेक्षा मोठ्याने, पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.